सामाईक वाघिणींतली गुरं

सभा सुटली की बिझुनेश आधी चूळ भरायची. हॉटेलच्या मागच्या अंगाला भांडी घासायचा नळ होता, तिथं जाऊन. आचारीण रोज बघायची. एकदा तिनं विचारलंच, "दात दुखतात का गं?"

"दात नाही, जीभ," बिझुनेश म्हणाली आणि खळखळून थुंकली.

दिवसभर ती दुसऱ्यांचं चघळलेलं चघळत असे. टेबलाच्या एका बाजूला राजधानीहून उतरलेले कॉम्रेड, अम्हारिक बोलणारे. समोर बंदरावरून आलेले साहेब, फ्रेंच बोलणारे. आणि टेबलाच्या टोकाला बिझुनेश देमिसे. 'ते म्हणतात' असं दुभाष्यानं म्हणायचं नसतं, 'मी' म्हणायचं असतं. त्यामुळे सकाळी तीच म्हणायची, "आमचा देश हा अपमान गिळणार नाही," आणि तो चहा निवायच्या आत तीच म्हणायची, "अपमान तुम्ही आमचा केलात." दोन्हीकडचा माज तिच्याच तोंडातून बाहेर पडायचा.

सगळं भांडण रेल्वेचं होतं. पठारावरच्या राजधानीपासून दिरे दावा या वाटेतल्या शहरावरून खाली समुद्रापर्यंत गेलेली एकच एक लोहमार्गाची रेघ, ती घातली परक्यांनी. पुढे परके गेले, बंदराचा वेगळा देश झाला, मग युद्ध झालं, पूल उडाले, पूल पुन्हा उभे राहिले, आणि शेवटी उरलं काय, तर दोन सरकारं आणि मध्ये एक रूळ. अर्धा अर्धा कापून न्यायची सोय नव्हती. म्हणून दोघांनी मिळून तो चालवायचा, त्यासाठी सामाईक मंडळ नेमायचं, आणि ते कसं नेमायचं हे ठरवायला ही बोलणी दिरे दावात बसली होती.

बिझुनेशचे वडील याच रुळावर इंजिन चालवून म्हातारे झाले आणि गेले. फ्रेंच शिक, रुळाची भाषा तीच आहे, असं म्हणून त्यांनीच तिला सिस्टरांच्या शाळेत घातलं होतं. ती शिकली, पुढे शाळेत शिकवायला लागली. बोलण्यांसाठी तिची निवड झाली तेव्हा तिच्या आईनं गल्लीभर सांगितलं, "आमच्या बिझूवाचून दोन सरकारांचं पान हलत नाही." बिझुनेशलाही तेव्हा छाती फुगल्यासारखं वाटलं होतं. तिनं नवा झगा शिवून घेतला होता. आपल्या वडिलांचा रूळ पुन्हा नीट चालणार आणि त्यात आपलाही हात असणार, असं तिला खरंच वाटत होतं.

पहिले काही दिवस दोन झेंड्यांची उंची मोजण्यात गेले. मग मंडळाच्या नावात कुणाचं नाव आधी, यावर दोन्हीकडचे लोक हमरीतुमरीवर आले. मग तिकिटावर कुठली भाषा वर. मग मुख्य व्यवस्थापक कुणाचा आणि त्याचा बंगला कुठल्या गावी, बंगल्याला बाग असावी की नाही, माळी कुणाच्या खर्चानं. बागेवरच्या चर्चेत तर कॉम्रेड शिमेलिस खुर्चीतून अर्धे उठले. हे आपल्या बाजूचे प्रमुख. अंगानं आडवे, रुमालाला अत्तर लावणारे. समोरचे प्रमुख दारारसाहेब, सडपातळ, कायम इस्त्रीतले. ते चिडले की आवाज आणखी हळू करायचे. दुपार झाली की वाद आपोआप विझायचा, कारण चातची पानं यायची. हिरवी, कोवळी, ओलसर फडक्यात गुंडाळलेली. ती गालात धरून चघळली की डोळे चमकतात, भूक मरते, आणि माणसाला आपण फार मोठं काहीतरी बोलतोय असं वाटायला लागतं. त्यानंतर दोन्ही बाजू एकमेकांना भाऊ म्हणायच्या आणि काहीच ठरायचं नाही.

एका सकाळी दाहाबो दाराशी आली ती दूध मोजायच्या आधीच खाली बसली. दाहाबो हद्दीच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या इस्सा जमातीची, वर्षानुवर्षं यांच्या घरी दूध घालणारी. तिच्याकडूनच बिझुनेश त्यांची बोली शिकली होती. तिचा नवरा वाइस गुरांचा व्यापार करायचा. स्वतःची आणि भाऊबंदांची गुरं रेल्वेच्या मालडब्यांत, वाघिणींत, चढवून तो बंदरावर न्यायचा. तिथून ती जहाजानं पलीकडे जायची.

"अबायो," बहिणीला हाक मारावी तशी ती बिझुनेशला म्हणाली, "वाइस गेलाय त्याला आठवडा उलटला. बंदरावर पोचलाच नाही म्हणतात. गाडी लास-अदला उभी आहे."

"उभी आहे म्हणजे? बिघडली?"

"बिघडली असती तर बरं होतं गं. आपलं इंजिन गाडी तिथं सोडून परत आलं, आणि पलीकडचं इंजिन आलंच नाही. स्टेशनमास्तर म्हणतो, वरून ठरल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. वर म्हणजे कुठं ते मला काय ठाऊक? तुझं त्या साहेबांत उठणं-बसणं आहे. विचार ना."

लास-अद म्हणजे हद्दीवरचं ठाणं. एक पत्र्याची खोली, एक जादाचा रूळ, आणि भोवती काळे दगड. तिथली विहीर केव्हाच आटली होती, पाणी टाकीच्या वाघिणीतून यायचं.

आई आतून ओरडली, "बिझू, दूध आत आण, नासेल." बिझुनेशनं दूध आत नेलं, झगा बदलला आणि ती थेट हॉटेलवर गेली.

कॉम्रेड शिमेलिस अंडी खात होते. तिनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा खुलला.

"म्हणजे पलीकडच्यांनी इंजिन पाठवलं नाही? नक्की?"

"नक्की, कॉम्रेड. गुरं उन्हात कोंडलेली आहेत. माणसंही आहेत सोबत."

"बरं झालं," ते म्हणाले आणि पावानं बशी पुसून घेतली. "आज बघा त्यांची कशी जिरवतो."

दारारसाहेबांचीही तयारी होती. वाघिणी कुणाच्या हे ठरलेलं नाही, त्यांचं भाडं कुणी कुणाला द्यायचं हे ठरलेलं नाही, मग आमचं इंजिन त्या का ओढेल? शिमेलिस म्हणाले, गुरं बंदरावर जायची आहेत, जकात तुम्ही खाणार, मग ओढा तुम्हीच. दारारसाहेब म्हणाले, गुरं तुमच्या मुलखातली आहेत, तहान लागली असेल तर तुम्ही पाजा. बिझुनेश हे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे वाहत राहिली. मध्येच तिच्या लक्षात आलं की दोघंही खूश आहेत. इतके दिवस बागेवर भांडताना त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटत असावी. आता हाताला खरं काहीतरी लागलं होतं, आणि ते जितकं जास्त सडेल तितकं ते दोघांच्याही उपयोगाचं होतं. ती पेला तोंडाला लावून बसली.

दुसऱ्या दिवशी दाहाबोनं आणखी एक गोष्ट आणली. चातच्या पानांचा डबा रोज पहाटे दिरे दावाहून सुटतो आणि न थांबता बंदरावर जातो. त्याला लास-अदला इंजिन बदलावं लागत नाही. एकच इंजिन त्याला हद्दीपार नेतं आणि परत येतं. कोंडलेल्या गुरांच्या शेजारच्या रुळावरून तो डबा रोज धडधडत जात होता. डब्यावरच्या हमालांनी वाइसला पाहिलं होतं. तो हात हलवत होता, रिकामी कातडी पखाल उंच धरून दाखवत होता.

"हमालांनी आपलं पाणी फेकलं त्याच्याकडे," दाहाबो म्हणाली. "चालत्या गाडीतून फेकलेलं पाणी ते. निम्मं दगडांवर सांडलं."

त्या दुपारी पानं आली तेव्हा बिझुनेश चुळीला उठली नाही. दारारसाहेबांनी एक कोवळा शेंडा खुडला आणि गालात ठेवला. तिनं त्यांना स्वतःच्या आवाजात विचारलं. बोलणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच.

"या पानांना रोज इंजिन मिळतं. मग पाण्याच्या एका टाकीला का मिळत नाही?"

दारारसाहेब हसले. "बाईसाहेब, पानं नाशवंत माल आहे. एक दिवस उशीर झाला तर फेकून द्यावी लागतात. त्यासाठी आपला वेगळा समझोता आहे."

"आणि गुरं नाशवंत नाहीत?"

"काय म्हणतायत?" शिमेलिसनी विचारलं. तिनं अम्हारिकमध्ये सांगितलं. शिमेलिस इतके हसले की त्यांच्या ओठांवरून हिरवी लाळ झग्यावर, तिच्या नव्या झग्यावर उडाली. "बाई गंमतीच्या आहेत हां!" ते दारारसाहेबांना म्हणाले, आणि तिला म्हणाले, "सांगा त्यांना, बाई गंमतीच्या आहेत म्हणून."

ती उठली. नळावर जाऊन तिनं झगा घासला. डाग गेला, पण तिनं तो झगा पुन्हा अंगाला लावला नाही.

अखेर दोन्ही बाजूंनी प्रत्यक्ष पाहणी करायचं ठरवलं. त्यासाठी मात्र इंजिन लगेच मिळालं, साहेबी डबा जोडला गेला, बर्फाची पेटी आणि थंड बाटल्या चढल्या. पाण्याची टाकीही जोडा म्हणून बिझुनेशनं तीन ठिकाणी विनवलं. तिसऱ्या ठिकाणी वडिलांच्या हाताखाली काम केलेला एक म्हातारा फिटर भेटला. त्यानं कुणाला न विचारता टाकी जोडली.

लास-अद दिसायच्या आधी वास आला. खिडक्या बंद केल्या तरी येत राहिला. थंड बाटल्यांना चिकटल्यासारखा, पावाला, केसांना. एक तरुण अधिकारी डब्याच्या टोकाला जाऊन ओकला. बाकीच्यांनी रुमाल नाकाला लावले. शिमेलिसच्या अत्तराचा आणि त्या वासाचा मिळून जो तिसरा वास झाला, तो बिझुनेशला मूळ वासाहून घाण वाटला.

वाघिणींची दारं उघडी होती. कुणीतरी दगडानं ठेचून जकातीची शिशाची मोहर तोडली होती. आतल्या फळ्यांवर फुगलेली जनावरं एकमेकांत अडकून पडलेली, काही दारातून अर्धी बाहेर लोंबत होती. तरसांनी ओढून नेल्याच्या खुणा दगडांत लांबवर गेल्या होत्या. माश्यांचा आवाज इंजिनाहून मोठा होता. जी गुरं जिवंत होती ती केव्हाच रानात गेली होती, सोबतचे गुराखी त्यांच्यामागे गेले होते. पत्र्याच्या खोलीच्या सावलीत एकटा वाइस बसला होता. ओठ भेगाळलेले, डोळे आत गेलेले.

बिझुनेशनं आधी त्याला पाणी दिलं. तो घोट घोट प्यायला. मग ती म्हणाली, "तू का नाही गेलास त्यांच्याबरोबर?"

"कुणीतरी येईल," वाइस म्हणाला. "आलं तर, इथं काय झालं ते सांगायला माणूस नको का?"

आलेल्यांना ते ऐकायचंच नव्हतं. शिमेलिसनी तुटलेली मोहर पायानं उलटी केली. दारारसाहेबांनी वाकून पाहिली. मग त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. वाघिणी कुणाच्या, हे ठरलेलं नव्हतं. इंजिन कुणाचं, हे ठरलेलं नव्हतं. पण वाघिणी फोडणं हा गुन्हा, यावर दोघांचं उभ्या उभ्या एकमत झालं. बोलणी सुरू झाल्यापासून बिझुनेशनं पाहिलेलं हे पहिलं एकमत. साहेबी डब्यातच टेबलावर बाटल्या सरकवून त्याचा मसुदाही झाला: दोन्ही सरकारांच्या सामाईक मालमत्तेचं एका इसमानं जाणूनबुजून नुकसान केलं आहे, इसमाला ताब्यात घेण्यात यावं. मेलेल्या जनावरांना त्यात 'उर्वरित माल' म्हटलं होतं. त्याची विल्हेवाट कुणी लावायची, ते पोटसमितीवर सोपवलं.

वाइसला डब्यापाशी आणून उभं केलं. दारारसाहेब पायरीवर उभे होते. ते फ्रेंचमध्ये म्हणाले, "या इसमाला सांगा, त्यानं सामाईक मालमत्ता फोडली आहे. त्याला अटक होते आहे."

वाइस मात्र त्यांच्याकडे निरखून बघत होता. तो आपल्या बोलीत म्हणाला, "तोंडावळ्यावरून तू आमच्यातलाच दिसतोस. कुणाचा रे तू? बाप कोण, आजा कोण तुझा?"

रानात दोन इस्सा भेटले की पहिलं हेच विचारतात. चोर असो की सरदार, समोरचा बापाचं नाव सांगतो, मग आज्याचं, आणि कुठंतरी वर दोन्ही घरं एकाला एक लागतात. दारारसाहेबांची मान जराशी हलली. त्यांना शब्दन् शब्द कळला होता, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकानं पाहिलं.

"इसमाला सांगा," ते पुन्हा फ्रेंचमध्ये म्हणाले, आवाज अगदी हळू, "विचारलं तेवढंच बोल म्हणावं."

"मी नाही सांगणार," बिझुनेश म्हणाली.

"काय?"

"दारारसाहेब, तो तुमच्या आईच्या भाषेत बोलतोय. मध्ये माझं तोंड कशाला पाहिजे? तुमचं वापरा."

शिमेलिसनी खालच्या आवाजात विचारलं, "बाई, काय चाललंय? काय म्हणालात त्यांना?"

तिनं तेच अम्हारिकमध्ये सांगितलं, आणि पुढे स्वतःचं जोडलं. "आणि कॉम्रेड, तुमचंही यापुढे तुम्हीच सांगा. हे माझ्यानं तोंडात धरवत नाही. घाण वाटते मला."

"घाण कशाची? मेलेल्या गुरांची ना?" शिमेलिसनी तिला वाट काढून दिली. ते अगदीच वाईट नव्हते. आपला माणूस सगळ्यांसमोर अडकू नये, एवढं त्यांना कळत होतं.

"गुरांची नाही," बिझुनेश म्हणाली.

वाइसला काही कळलं नव्हतं. तो अजून बापाच्या नावाची वाट बघत होता. "काय म्हणतोय तो?" त्यानं बिझुनेशला विचारलं. "कुणाचा आहे म्हणतो?"

"सांगत नाही तो," ती म्हणाली.

वाइसनं मान डोलावली आणि दारारसाहेबांकडे पुन्हा पाहिलं नाही. परतीच्या गाडीत त्याला पाण्याच्या रिकाम्या टाकीपाशी दोन शिपायांच्या मध्ये बसवलं. बिझुनेशही तिथंच जाऊन बसली. साहेबी डब्यात तिला कुणी बोलावलंही नाही.

पुढचं पटापट झालं. मोहल्ल्याच्या कचेरीत बसवून तिला तेच तेच विचारलं गेलं: परदेशी पाहुण्यांचा अपमान कुणाच्या सांगण्यावरून केला? ती प्रत्येक वेळी एकच उत्तर द्यायची, की कुणाच्याच नाही, किळस आली म्हणून. विचारणारा तरुण शेवटी वैतागून म्हणाला, "किळस हे काही राजकीय कारण नाही." आई घरी रडत होती. "तेवढं एक वाक्य बोलली असतीस तर काय जीभ झडली असती?" ती म्हणायची. बिझुनेश आईला समजावत बसली नाही. आईला तो वास आलेला नव्हता.

इस्सा जमातीचे म्हातारे दोन्हीकडच्या लोकांना भेटत राहिले, तेव्हा कुठं वाइस सुटला. तो घरी आला तेव्हा दाहाबोनं लोणी वितळवून त्याच्या ओठांना लावलं. तो दिरे दावात राहिला, गुरांच्या व्यापाराला मात्र पुन्हा गेला नाही. इतर व्यापारी गुरं पायीच हद्दीपार हाकायला लागले. रुळापेक्षा रान भरवशाचं, असं ते उघड म्हणायचे.

करार झाला. हॉटेलच्या बागेत मेजवानी झाली, दोन्ही बाजूंनी मिठ्या मारल्या, बंगल्याला बाग मिळाली. मंडळाच्या पाटीवर दोन्ही नावं एकाच उंचीवर आली. लास-अदला काय झालं, याचा उल्लेख कुठंही नव्हता. तिथली जनावरं तरसांनी आणि उन्हानं संपवली. पोटसमिती तोवर बसलेलीच नव्हती. त्याच वाघिणी धुऊन पुन्हा मालाला लावल्या गेल्या. ज्यांनी त्या धुतल्या, ते हमाल कितीतरी दिवस घरच्या ताटावर बसायला कचरत होते, असं दाहाबो सांगायची.

बिझुनेशची बदली रुळाकाठच्या एका खालच्या ठाण्यावर झाली. साक्षरतेच्या मोहिमेवर. शिक्षाच होती ती. उन्हानं डोकं भणाणावं असं गाव, काटेरी झाडं आणि शेळ्या. ती तिथं बायकांना आणि पोरांना अक्षरं शिकवायला लागली, आणि मोहीम संपल्यावरही तिथंच राहिली. आई काही दिवस कुरकुरली, मग तीही येऊन राहिली.

वर्षभरानं मंडळाचा एक माणूस तिला शोधत आला. नवा दुभाष्या कुचकामी निघाला होता, त्यानं एका सभेत 'तोटा' आणि 'फायदा' यांची अदलाबदल करून ठेवली होती.

"मागचं सगळं माफ आहे," तो म्हणाला. "दारारसाहेबांनी स्वतः तुमचं नाव सुचवलं. ते तर तुमची तारीफ करतात."

"त्यांना बापाचं नाव आठवलं का?"

त्याला काही कळेना. "घर मिळेल, पंखा मिळेल," तो म्हणाला. "इथं काय आहे तुमचं?"

"इथं मला माझं तोंड माझ्यापुरतं ठेवता येतं," बिझुनेश म्हणाली. आईनं त्याला कॉफी पाजली आणि लेकीकडे डोळे वटारून बघितलं. पण तो गेल्यावर तिनं लेकीलाही एक कप ओतून दिला.

मग कराराचा वर्धापनदिन आला. दोन्हीकडचे साहेब खास गाडीनं समुद्राकडे जाणार होते. वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर शाळेच्या पोरांनी दोन्ही हातांत दोन्ही झेंडे धरून उभं राहायचं, असा हुकूम आला. कागदी झेंड्यांचा गठ्ठाही आला. बिझुनेशनं तो न सोडता कोपऱ्यात ठेवला आणि पोरांना म्हणाली, "उद्या सुट्टी. शेळ्या घेऊन टेकडीपलीकडे जा. रुळाकडे फिरकलात तर याद राखा."

गाडी आली आणि गेली. फलाटावर चिटपाखरू नव्हतं. आठवड्यानं शिक्षणाधिकारी जाब विचारायला आला. घामानं थबथबलेला, खरं तर चांगला माणूस होता. "बाई, काहीतरी कारण द्या. आजार लिहू का? साथ होती म्हणून?"

"लिहा," बिझुनेश म्हणाली. "ओकारीची."

त्यानं तसं लिहून नेलं, आणि तिनं पुढचं अक्षर फळ्यावर काढलं.